धावपट्टीवरून रस्ता ओलांडताना

तिकीट पाच दिरहम. म्हाताऱ्यांना माफ.
बावांना ते माफ असणं पटलं नाही.
"फुकट तर तेव्हाही आत होतो," म्हणत त्यांनी
माझ्या पर्समधली नोट काउंटरवरच्या मुलीपुढे सरकवली.

पहिल्या दालनात माणसाने बांधलेले पंख,
बांबूचे, कापडाचे, तारांनी आवळलेले,
आणि एक बटण: दाबलं की पंखा फिरतो.
शाळेची पोरं रांग लावून दाबत होती.
बावा थांबलेच नाहीत.
सहा वर्षं शारजाच्या या जुन्या तळावर
विमानांच्या पोटात नळी धरून उभे राहिले
आणि घरी गेले ते बोटीने, ट्रंकेवर बसून, ओकत,
थेट बाणकोटच्या खाडीपर्यंत.
गेल्या मंगळवारी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी,
पहिल्यांदा उडाले. खिडकीची जागा
शेजारच्या पोराला देऊन टाकली.
"पंखच दिसतो तिथून. पंख मी पुष्कळ पुसलेत."

पुढे प्रवाशांची जेवणाची खोली.
मेणाचा साहेब, मेणाची मडम,
काट्याला टोचलेला प्लास्टरचा बटाटा.
भिंतीवर फोटो: विमान, वैमानिक, कुत्रा.
तिघांचीही नावं खाली लिहिलेली.
मागे पंखाच्या सावलीत खांद्यावर डबे घेतलेली
आणखी तीन माणसं. त्यांच्याबद्दल
पाटी काही म्हणत नाही.
बावांनी चष्मा काढून काचेला नाक लावलं.
"ओळखीचं कुणी?"
"माझ्या जन्माआधीचा फोटो आहे, हुस्ना.
पण डबा तसाच धरायचा. झाकण मागे.
सांडलं तर पाठीवर सांडतं, डोळ्यांत नाही."

हँगर थंडगार. वातानुकूलित.
चार विमानं, चकचकीत, चाकांना लाकडी ठोकळे,
भोवती लाल दोर, लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसा.
बावा दोराखालून वाकून आत गेले
(गुडघे दुखतात म्हणून नमाज खुर्चीवर पढणारे बावा)
आणि पत्र्याला तळवा लावून
चटका बसल्यासारखा मागे घेतला.
मग पुन्हा लावला. हळूच.
"गार आहे," म्हणाले.
एवढंच. दोनदा.

"चाचा, हाथ मत लगाओ," रखवालदार धावत आला.
गुलझमीर, छातीवरच्या पट्टीवर नाव.
बावांनी त्याला विचारलं, तेल कुठे गळतं याचं?
तो इकडेतिकडे बघून वाकला,
डाव्या इंजिनाखालची पत्र्याची थाळी ओढून दाखवली:
तळाशी काळे थेंब, चार की पाच.
"रोज सुबह मैं पोंछता हूँ. साहब लोग बोलते हैं,
इसमें तेल है ही नहीं."
दोघं त्या थाळीवर वाकून बराच वेळ उभे.
मी मोबाईल काढला, आणि ठेवून दिला.

बाहेर मगरिबची वेळ.
समोरचा रस्ता हीच जुनी धावपट्टी,
आता दोन्हीकडे बँका, शोरूम, दात्यांचे दवाखाने,
म्हणजे दातांचे. बावा पाटी वाचताना चुकले आणि हसले.
रस्त्यावरचे दिवे एकदम लागले.
ते बोटांनी मोजू लागले, ओठ हलत होते.
वीज गेली की बेचाळीस बुधल्या, घासलेटच्या,
एकेक पेटवत शेवटापर्यंत जायचं,
बकऱ्या हाकलायच्या,
आणि वारं सुटलं की परत पहिलीपासून.
"एकदा एकतिसावी विझली," म्हणाले.
पुढे काय झालं ते मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.

सिग्नलचा हिरवा माणूस चालू लागला.
सगळे निघाले: कोपऱ्यावरचा पार्सलवाला,
ट्रॉली ढकलणारी बाई, मी.
बावा कठड्यापाशीच.
त्यांनी आधी वर पाहिलं, पश्चिमेला,
डोळ्यांवर हात धरून, नीट, पूर्ण आभाळ,
मग डावीकडे, उजवीकडे.
तेवढ्यात माणूस लाल झाला होता.